आयुधपूजेत बसलेली गेमपेटी

भाग्याबाईंना उपास चालतो, अवेळी आलेला पाहुणा चालतो, नळाला पाणी आलं नाही तरी एक वेळ चालतं. अबोला मात्र चालत नाही. भांडा, ताट आपटा, पण बोला, असं त्यांचं म्हणणं. आणि देवाची करणी अशी, की म्हैसूरच्या शिवरामपेठेत, त्यांच्या घराच्या बरोबर खाली, दोन सख्ख्या भावांचा अबोला तीन वर्षं नांदत होता.

खाली दुकान होतं शिलाईचं, सासऱ्यांनी टाकलेलं. थोरले मल्हारराव, म्हणजे भाग्याबाईंचे यजमान, कोट-पँटीत तरबेज. धाकटे वेंकोबा शर्ट-शेरवानी बघायचे. काज, बटणं, तुरपाई हे भाग्याबाई वर घरात बसून करायच्या. एक दिवस वेंकोबांनी सुतार आणला आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली. आधी भांडण नाही, वादावादी नाही. एका पाटीच्या दोन पाट्या झाल्या. का, ते वेंकोबा सांगेनात आणि मल्हारराव विचारेनात. धाकट्यानं आपण होऊन सांगायचं नाही आणि थोरल्यानं वाकून विचारायचं नाही, याला आमच्या लोकांत मान म्हणतात. या मानाचं लोणचं घालायचं म्हटलं तर बरण्या पुरायच्या नाहीत.

एकादशीला विठ्ठलाच्या देवळात दोघेही भजनाला जात. एक या खांबाला टेकून, दुसरा त्या खांबाला. अभंगात एकमेकांचा सूर बरोबर उचलत. भजन संपलं की चपला घालून दोन वाटांनी घरी.

तरीही सगळंच तुटलं नव्हतं, आणि त्याला कारण एक काळी गेमपेटी. दोघांची मुलं शाळेत होती तेव्हा हट्ट करकरून त्यांनी ती घ्यायला लावली होती. दोन्ही बापांनी निम्मी-निम्मी वर्गणी काढली. बटण दाबलं की वरचं झाकण टुणकन उघडायचं, आत चकचकीत डिस्क ठेवायची, झाकण लावायचं, की टीव्हीवर क्रिकेटचं मैदान. मुलं मोठी झाली, बेंगळूरला नोकरीला लागली, त्यांचे खेळ त्यांच्याबरोबर फोनमध्ये गेले. पेटी मात्र भाग्याबाईंच्या टीव्हीखाली राहिली आणि खेळाची चटक लागली ती बापांना. रविवारी दुपारी जेवण झालं की एक मॅच व्हायचीच.

प्लायवूड उभं राहिलं तेव्हा भाग्याबाईंनी मनाशी धरलं होतं, की हेही आता संपलं. पण पुढच्याच रविवारी वेंकोबा कुवेंपुनगरच्या आपल्या घरून स्कूटर घेऊन आले, जिना चढले आणि वहिनींकडे बघून म्हणाले, "पेटी निम्मी माझी आहे." मल्हाररावांनी काही न बोलता दुसरा रिमोट पुढे सरकवला. तेव्हापासून दोघे बोलायचे ते फक्त मॅचपुरतं. फिल्डर हलव, नो बॉल टाकलास, असला कसला शॉट मारतोस, साकू, पुरे आता, डिक्लेअर कर. मॅच संपली की तोंडाला कुलूप. भाग्याबाई आत चहा करताना तेवढंच बोलणं कानात साठवून घ्यायच्या आणि त्यावर आठवडा काढायच्या.

खुद्द त्यांनाही खेळता येतं, ही गोष्ट घरात कोणाला ठाऊक नव्हती. यजमानांची वामकुक्षी चालू असली, की त्या टीव्हीचा आवाज पार बंद करून दोन-चार ओव्हर बॅटिंग करून घेत. काज करून करून अंगठा इतका चपळ झालेला, की स्पिनरला हमखास सिक्सर. हे दोघे अर्धा तास टुकुटुकु खेळून आउट होत तेव्हा त्यांना हातातला ट्रे ठेवून रिमोट हिसकावून घ्यावासा वाटे. पण त्या गप्प बसत. या बाबतीत तेवढा त्यांना अबोला चालायचा.

आता म्हैसुरात आयुधपूजेला काय पुजत नाहीत, ते विचारा. बस पुजतात, स्कूटर पुजतात, हॉटेलवाले डोशाचा तवासुद्धा पुजतात. शिंप्याच्या घरात तर शिलाई मशीन, कात्री, इस्त्री, टेप, सगळं धुऊन-पुसून मांडायचं, शेवंतीच्या माळा घालायच्या, गंध-कुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या आणि त्या दिवशी कशालाही कामासाठी हात लावायचा नाही. पूर्वी दुकानापुढे एक कोहळा फुटायचा, भिंत झाल्यापासून दोन फुटतात.

या वर्षी खालची पूजा झाल्यावर भाग्याबाई वर आल्या, तेव्हा तबकात थोडं कुंकू आणि मूठभर अक्षता उरल्या होत्या. समोर टीव्हीखाली ती पेटी. त्यांनी विचार केला, ज्याच्यावर घर चालतं ते आयुध. मग या घराचं खरं आयुध कोणतं? त्यांनी पेटी ओल्या फडक्यानं पुसली, वर कुंकू लावलं, माळ घातली. एवढ्यावर थांबल्या असत्या तर ठीक होतं. पण शिलाई मशीनची पूजा करताना खालची पट्टी सरकवून आत बॉबिनच्या घरालाही कुंकू लावायची त्यांची रीत. जीव आत असतो, बाहेर नुसता पत्रा. म्हणून त्यांनी बटण दाबून झाकण उघडलं, आतही बोट टेकवलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "देवा पांडुरंगा, ही बंद पडू देऊ नकोस." दुसऱ्या दिवशी दिसल्या तेवढ्या अक्षता उचलल्या आणि झाकण लावलं.

रविवारी वेंकोबा आले. डिस्क घातली, झाकण लावलं. पेटीनं आत टक् टक् टक् असा आवाज काढला आणि टीव्हीवर अक्षरं आली, की डिस्क वाचता येत नाही.

भाग्याबाईंना आत टाकलेल्या अक्षता आठवल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. त्या चहाचं आधण ठेवायला म्हणून आत गेल्या आणि आधण न ठेवताच बाहेर आल्या.

मल्हाररावांनी डिस्क काढून धोतराच्या सोग्याला गोल गोल पुसली. वेंकोबांना ते बघवेना, पण थेट बोलायचं कसं? मॅच चालू नव्हती ना. "वहिनी, अण्णाला सांगा, डिस्क गोल पुसायची नसते. मधून बाहेर, सरळ पुसायची. नाहीतर रेघा पडतात."

"त्याला सांग, पुसून झाली," मल्हारराव म्हणाले.

दुसरी डिस्क लावून बघितली. टक् टक् टक्. वायर काढून घातली, पेटी थोडा वेळ गार होऊ दिली. मग वेंकोबांनी ती उलटी करून चालवून बघितली, कारण जुन्या पेटीला ही मात्रा कधीकधी लागू पडते असं त्यांच्या मुलानं एकदा सांगितलं होतं. उलट्या पेटीनंही तेच सांगितलं. प्रत्येक खटपटीचा हुकूम भाग्याबाईंच्या मार्फत इकडून तिकडे जात होता आणि त्या मधे उभ्या राहून पोस्टमनसारख्या पोचवत होत्या.

शेवटी वेंकोबा उठले. त्यांनी स्कूटरची किल्ली हातात घेतली. "आयतु, संपलं. जुनी झाली ती. आता काय होणार?" दारापर्यंत गेले आणि चप्पल शोधत म्हणाले, "येतो वहिनी. कधी काम असलं तर फोन करा."

कधी काम असलं तर. म्हणजे पुढच्या रविवारी नाही. मल्हारराव खिडकीतून रस्त्याकडे बघत होते, जणू तिथं फार महत्त्वाचं काही चाललं होतं. भाग्याबाईंना कळून चुकलं. आज हा माणूस जिना उतरला, तर परत चढायचा नाही.

"भावजी, बसा," त्या म्हणाल्या. "पेटी जुनी झाली म्हणून नाही बिघडली. मी बिघडवली."

दोघेही वळले.

"आयुधपूजेला मी तिची पूजा केली. झाकण उघडून. आत कुंकू लावलं, अक्षता टाकल्या."

"गेमची पूजा?" वेंकोबांना कळेना, हसावं की काय करावं.

"तुला काही कळतं का?" मल्हारराव म्हणाले. "ते काय शिलाई मशीन आहे?"

"मशीन बंद पडलं तर दुसरं आणता येतं," भाग्याबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. "या पेटीसाठी भावजी जिना चढतात. ती आहे म्हणून या घरात दोघांचा आवाज येतो. मत्ते, मग कोणाची पूजा करू मी? त्या प्लायवूडची?"

 वेंकोबांनी किल्ली टेबलावर ठेवली. मग मल्हारराव खाली गेले आणि मशीनच्या खणातला बारका स्क्रू-ड्रायव्हर, धागे ओढायचा चिमटा आणि तेलाची कुपी घेऊन वर आले. भाग्याबाईंनी जेवणाच्या टेबलावर पांढरं अस्तराचं कापड पसरलं, म्हणजे स्क्रू हरवायचे नाहीत.

पेटी उघडली, तर आत सुताचा कोंडा बसलेला. शिंप्याच्या घरातल्या पेटीत दुसरं काय निघणार? मधे मण्याएवढी काचेची लेन्स, तिच्यावर कुंकवाची लालसर धूळ. लेन्स पुढेमागे सरकते ती एका दातेरी पट्टीवरून. त्या दातांत एक पिवळा तांदूळ असा घट्ट रुतला होता, की पट्टी तिथवर येऊन धडकत होती. तीच ती टक् टक्. वेंकोबांनी चिमट्यानं तांदूळ अलगद उपटला. कापसाच्या काडीला स्पिरिट लावून लेन्स पुसली. 

इतक्यात मल्हाररावांनी तेलाची कुपी पुढे केली. "एक थेंब सोडतो. पट्टी गुळगुळीत चालेल."

"बेडा, नको," वेंकोबा म्हणाले.

"एकच थेंब."

"अण्णा, तेल लेन्सवर उडालं तर खेळ खलास. बेडा म्हटलं ना." आणि हे ते वहिनींना नाही, थेट भावाला म्हणाले.

"चाळीस वर्षं मशीनला तेल घालतोय मी. मला शिकवू नकोस."

"तुला कोण शिकवणार? तुझंच खरं नेहमी. दुसऱ्यानं नीट केलेलं काम हातात घ्यायचं आणि आपलं शहाणपण घालायचं. माझी शेरवानीची बाही उसवलीस ती अशीच."

मल्हाररावांचा हात कुपीसकट थांबला. "कुठली बाही?"

"कुठली म्हणे. हुणसूरच्या त्या नवऱ्या मुलाची. तो, त्याचा बाप, मामा, सगळे समोर उभे. तू माझ्या हातातून शेरवानी घेतलीस आणि सगळ्यांसमोर टराटरा बाही उसवलीस."

"वाकडी बसली होती."

"बसली होती वाकडी. मी कुठं नाही म्हणतो? मला आत बोलावून सांगायचं होतंस. त्या मामानं मला विचारलं, तू इथं कामाला आहेस का म्हणून. कामाला."

"म्हणून तू भिंत घातलीस? बाहीसाठी?"

"हो. बाहीसाठी."

"वेंकू, आपले अप्पा माझ्या बाह्या भर दुकानात उसवायचे. मी काय भिंती घातल्या?"

"अप्पा उसवायचे. तू अप्पा नव्हेस."

हे वेंकोबांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं, की खालच्या रस्त्यावर भाजीवाल्यानं मान वर करून बघितलं. मल्हाररावांनीही आवाज चढवला. तीन वर्षं तोंड शिवून बसलास, आधी सांगायला काय धाड भरली होती? तू विचारलंस कुठं? मी थोरला, मी का विचारू? थोरला ना, मग तूच विचारायला पाहिजे होतंस. मग कोणाच्या लग्नात कोणी कोणाकडे बघितलं नाही ते निघालं, दुकानाची पाटी निघाली, भजनात कोण मुद्दाम वरच्या पट्टीत सुरू करतो तेही निघालं. तेलाची कुपी टेबलावर तशीच उभी, तिला दोघांपैकी कोणी हात लावला नाही.

भाग्याबाईंनी पेटीचं झाकण बसवलं, स्क्रू पिळले, डिस्क घातली. टक् टक् नाही, आत नुसती मऊ घरघर. टीव्हीवर हिरवंगार मैदान आलं. करायला गेल्या गणपती आणि झाला होता मारुती, पण हा मारुतीही पावला. दोघांचं टीव्हीकडे लक्षच नव्हतं. भाग्याबाईंनी रिमोट उचलला, उघडपणे, आणि पहिल्याच बॉलला सिक्सर मारला. कोणी बघितलं नाही. त्यांना इतकं हलकं वाटत होतं, की डोळ्यांतून पाणी येतंय हेही पुढच्या दोन बॉलपर्यंत कळलं नाही.

फोन वाजला. वेंकोबांची बायको जानकी होती.

"अक्का, अंधार पडायला आला. हे फोन उचलत नाहीत. निघाले का?"

"इथंच आहेत."

"मॅच संपली नाही अजून?"

"मॅच सुरूच झाली नाही. भांडतायत."



"एकमेकांशी?" जानकीनं विचारलं.

"हो गं. एकमेकांशी. ऐक." भाग्याबाईंनी फोन दोघांच्या दिशेनं धरला आणि परत कानाला लावला.

जानकीचं नाक ओढल्याचा आवाज आला. "अक्का," ती म्हणाली, "त्यांना उठवू नका. मी जेवण झाकून ठेवते."