मेट्रनबाईंचे आभार

एस्तरबाई कुठल्याही पेशंटला आभार मानल्याशिवाय घरी जाऊ देत नसत. टाके निघाले, ताप उतरला, घरची माणसं गाठोडं बांधून दारात उभी राहिली, तरी बाई म्हणायच्या, "थांबा. असं कसं जाता?" मग त्या स्वतः पेशंटच्या डोक्याला तेल लावत, वेणी घालत, धुतलेलं पातळ नेसवत आणि आवारातल्या चर्चमध्ये पुढच्या बाकावर नेऊन बसवत. तिथं पेशंटने उठून आपल्या तोंडाने आभार मानायचे. ज्याला बोलणं जमत नसे त्याच्याकडून बाई आदल्या दिवशी घोकून घेत. "माझे मानू नका हं, देवाचे माना," म्हणत, आणि आभार मानून होईपर्यंत समोरून हलत नसत. शेवटी पायरीवर फोटो.

एस्तरबाई म्हणजे आमच्या भागातल्या मिशन दवाखान्याच्या मेट्रन. गेल्या वर्षी वारल्या. आता त्यांच्या आठवणींची पुस्तिका निघते आहे आणि मलाही निरोप आला, "तुम्ही नर्स झालात, तुमच्या आईचं ऑपरेशन बाईंच्या देखरेखीखाली झालं, चार ओळी द्या." चार ओळींत माझं भागत नाही. आणि जे लिहीन ते पुस्तिकावाल्यांना झेपणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी माझ्या तोंडावर फेकायला नको. मिशन नसतं तर माझी आई जगलीच नसती. आमचं गाव माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पुढे. मी तिसरीत होते तेव्हा रॉकेलचा स्टोव्ह भडकला आणि आई गळ्यापासून छातीपर्यंत भाजली. सरकारी आरोग्य केंद्राला कुलूप होतं. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही आले तर. आजीने दोन एस.ट्या बदलून आईला मिशनमध्ये नेलं. ना कागद विचारला, ना जात विचारली. एस्तरबाईंनी पंधरा दिवस तिला चमच्याने आंबील पाजली. जखमेतलं पाणी पुसताना नाकाला कधी पदर लावला नाही. असे हात मी नंतर पाहिले नाहीत, आणि मी वीस-बावीस वर्षं नर्सिंग करते आहे.

आई जगली, पण जखम भरताना कातडी आखडली आणि हनुवटी छातीला चिकटली. वर्षभर ती जमिनीकडे बघतच वावरली. बाहेरचे डॉक्टर मिशनमध्ये येणार म्हणून बाईंनी पोस्टकार्ड टाकून बोलावून घेतलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पदर बाजूला करून, पोलक्याची दोन हुकं काढून एक फोटो घेतला. "डॉक्टरांना लागतो," म्हणाल्या. महिन्याने मान मोकळी झाली आणि निरोपाच्या दिवशी दुसरा फोटो. आईने विचारलं, "ह्यो कुणाला वं?" बाई म्हणाल्या, "लांबच्या माणसांना पाठवायचाय. त्यांना तुझी लय काळजी आहे."

आता आईला लांबचं माणूस एकच. माझे वडील. मुंबईला गोदीत हमाली करायचे, गावच्या वीस जणांबरोबर एका खोलीत राहायचे. आईला वाटलं, बाईंनी पत्ता मिळवला, आपला फोटो मालकांना जाणार. बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "हसा. रडणाऱ्याला कोण मदत करतं?" आई हसली. जन्मात कुणासमोर हसली नसेल तशी, मान वर करून, दात दाखवून हसली.

नाताळच्या सुमाराला मिशनचं कॅलेंडर आलं. एकपानी, म्हणजे वर्षभर भिंतीवरून उतरायचं नाही. डावीकडे हनुवटी चिकटलेली, पोलकं उघडं असलेली आई, उजवीकडे हसणारी आई, आणि खाली दात्यांचे आभार. पिठाच्या गिरणीत आई, वाण्याच्या दुकानात आई, सलूनमध्ये आई. बाजारात बायका एकमेकींना कोपर मारून दाखवायच्या, "ती बघ, क्यालिंडरवाली." शाळेत मी क्यालिंडरवालीची पोरगी. आईने बाजार सोडला, पाणी आणायला दुपारच्या उन्हात जायला लागली.

एक कॅलेंडर मुंबईलाही गेलं. गावच्याच कुणीतरी हौसेने नेऊन खोलीत टांगलं. वीस बाप्ये रोज त्याच्यासमोर जेवायला बसायचे. वडिलांनी ते फाडलं, त्यावरून हाणामारी झाली, आणि त्या वर्षी ते जत्रेला आले नाहीत. पुढच्या वर्षी आले ते आईशी न बोलता परत गेले. मग पत्रं थांबली. माणसाची चूक होती की कॅलेंडरची, ते तुम्ही ठरवा. माझं ठरलेलं आहे.

मी नर्स झाले ते सेवेबिवेसाठी नाही. सरकारी नोकरी हवी होती आणि कुणाच्या दयेचं खायचं नव्हतं. मनात एकच होतं: एक दिवस एस्तरबाई माझ्यासमोर याव्यात आणि त्यांनी आईची माफी मागावी. माझ्या लग्नातसुद्धा अक्षता पडताना हाच विचार डोक्यात होता. हसू नका, खरं सांगते.

आणि आल्या की! दोन वर्षांपूर्वी, सांगलीकडच्या ज्या सरकारी दवाखान्यात मी हाडांच्या वॉर्डात आहे तिथं, स्ट्रेचरवरून. मिशन कधीच बंद पडलं होतं. दात्यांनी हात आखडले, विश्वस्तांनी आवार भाड्याने दिलं, बाईंना मागची एक खोली राहू दिली. तिथंच मोरीत पडून खुब्याचं हाड मोडलं. जन्मभर ज्यांच्यासाठी राबल्या त्यांच्यातलं एकही माणूस बरोबर नव्हतं. शेजारच्या भाजीवालीने आणलं, पिवळ्या रेशनकार्डासकट. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होणार होतं.

सरकारचं कौतुक मी सांगणार नाही. मंजुरीला अकरा दिवस लागले. पंखा एकच, तोही मधल्या खाटेवर. मिशनमध्ये दुसऱ्या दिवशी टेबलवर घेतलं असतं. बाई ते बोलून दाखवायच्याच, "आमच्याकडे असं नव्हतं हं, सिस्टर. चादरीला एक सुरकुती नसायची." मी म्हणायचे, "तुमच्याकडे देव होता, बाई. आमच्याकडे फक्त ड्युटी आहे."

योजनेचाही एक फोटो असतो. पेशंट खाटेवर आहे याचा पुरावा म्हणून योजनेचा माणूस, म्हणजे आरोग्यमित्र, मोबाइलवर काढतो आणि फाइलला लावतो. तो आला तसा बाईंचा हात केसांकडे गेला. अकरा दिवसांत केसांची पार गुंतवळ झाली होती. "सिस्टर, कंगवा दे गं जरा." कंगवा माझ्या खिशात होता. मी म्हटलं, "नियमात बसत नाही." फोटो तसाच निघाला, पिंजारलेला, पदर घसरलेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आत थंडगार वाटलं.

ऑपरेशन चांगलं झालं. मी आईला फोनवर सांगितलं, कोण आलंय ते. आईने फोन ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने ती हजर झाली, हातात पिशवी नाही की डबा नाही. मी तिला खाटेपाशी नेलं. स्टूल पुढे ओढून बसवलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते आता होणार होतं.

"बाई, मला वळाकलं का?"

एस्तरबाईंनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. "नाही गं. किती जणी आल्या, किती गेल्या. कुणाकुणाला लक्षात ठेवू?"

आईने पदर खाली ओढून गळ्यावरची कातडी दाखवली. तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. "अगं, तू कॅलेंडरमधली! केवढी सुंदर हसली होतीस! त्या वर्षी सगळ्यांत जास्त मदत तुझ्या फोटोवर आली. वीस जणांची ऑपरेशनं झाली, माहितीय?"

"मी हसले हुते ती मालकांसाठी," आई म्हणाली. "तुमी ती समद्या गावाला दाखिवलं. मालक पुन्यांदा घरला न्हाई ऱ्हायले."

बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, आता येतंय तोंडात, आता म्हणतील. त्या हळूच म्हणाल्या, "पण मान तर बरी झाली ना गं?"

"झाली की," आई म्हणाली. "त्येला काय खोटं म्हनू?"

आणि उठली. माझ्या अंगाचा भडका उडाला. बाहेर पॅसेजमध्ये मी तिच्यावर ओरडले, एवढ्यासाठी आलीस का, चार शब्द सुनवायचे होतेस! आई म्हणाली, "आगं, तिला ठावंच न्हाई तिनं काय केलं. ठाव नसलेल्याशी काय भांडू?" ती दुपारच्या गाडीने गेली. आई माणूस मोठं आहे. मी नाही, आणि मला व्हायचंही नाही.

त्यानंतर मी बाईंची अशी सेवा केली की सगळा वॉर्ड बघत राहिला. वेळच्या वेळी औषध, पाठ पुसणं, कूस वळवणं, वॉकरवर एक एक पाऊल. एक फोड अंगावर येऊ दिला नाही. लोकांना वाटलं, माझं मन पालटलं. मन कसलं पालटतंय! मला त्यांना खडखडीत बरं करायचं होतं. मला त्या घरी जायच्या दिवसापर्यंत हव्या होत्या.

तो दिवस आला. भाजीवाली रिक्षा घेऊन खाली थांबली होती. बाईंनी वेणी घालून घेतली होती, पदर नीट केला होता. वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि मग वॉकर सोडून, थरथरत, दोन्ही हात जोडायला लागल्या. पाठ केलेलं असणार, कारण आवाज चर्चमधला होता. "सिस्टर, या दवाखान्याचे आणि तुमचे..."

मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि वॉकरवर परत ठेवले.

"नाही बाई. इथं आभार मानायचे नसतात. हे तुमच्या हक्काचं आहे. मी पगार घेते. कुणी तुमच्यावर उपकार केलेला नाही."

त्यांना कळेना. "अगं, दोन शब्द तरी बोलू दे."

"नको."

"मग देवाचे मानते."

"ते घरी जाऊन माना. माझ्यासमोर नाही."

एवढी बाई, शेकडो माणसांना पुढच्या बाकापाशी उभं करणारी, माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी तिला वॉर्डात कोंडून ठेवलं आहे. ओठ हलत होते. डोळे भरून आले. मी नजर वळवली नाही.

"मग मी जाऊ कशी गं?" त्यांनी विचारलं.

"वॉकर धरून," मी म्हटलं. "खाली तीन पायऱ्या आहेत, जपून उतरा."