हिरवी गादी

लोहारा गावच्या एसटी स्टँडवर एक मजूर डालड्याच्या डब्याच्या पत्र्याची खेळण्यातली जीप घडवत होता. आत खिळ्याचा गिअर, बटणाचं स्टिअरिंग. दुष्काळी कामावर खडी फोडताना त्याची बायको अडली, तेव्हा कामावरच्या साहेबांनी दोघांना आपल्या जीपमधून धाराशिवला धाडलं होतं. लेक वाटेतच जन्मली. पुढे ती जीप लिलावात गेली.

मी त्या कामावरचा कारकून. त्यानं मला ओळखलं.

"सायब, आतली गादी कंच्या रंगाची व्हती? म्या घाबरल्यालो, काय बघितलंच न्हाय. तुमी तर रोजचं बसणारं."

"हिरवी," मी म्हणालो.

पुढच्या बाजारी पत्र्याच्या जीपमध्ये हिरवं रेक्झिन होतं. लेकीचं बोट त्यावर टेकवून तो म्हणाला, "हितं झालीस बघ, बाय."

आज सांगतो, साहेबांच्या जीपमध्ये मी कधीच बसलो नव्हतो. तिच्यामागं सायकलवर धूळ खायचो.