पलीकडे म्हणजे कुठे?

वाचनालयात पुस्तकांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. नेलेलं पुस्तक कुणी परत आणत नाही. किस्सा मात्र जिथे जाईल तिथून चार शब्द जास्तीचे घेऊन परत येतो! निजामाच्या शेवटच्या दिवसांत नांदेडला गोदावरीच्या घाटाजवळ आमचं छोटंसं मराठी वाचनालय होतं. संध्याकाळी आम्ही चौघं तिथे बसायचो. बाकीचे तिघंही आता गेले. त्यांची फार आठवण येते, म्हणून सांगून टाकतो.

* * *

आमचे कवी म्हणजे दिगंबर मास्तर. शाळेत उर्दूतून हिसाब शिकवायचे आणि घरी मराठीत कविता करायचे. नवी कविता आधी बायकोला, अनसूयावहिनींना, ऐकवायची हा त्यांचा नेम. एकदा ऐकता ऐकता वहिनींना डुलकी लागली.

मास्तर भडकले. "तुला काय कळतंय कवितेतलं!"

नागपंचमीला भाऊ न्यायला आला, तेव्हा उदगीरला माहेरी निघताना वहिनी म्हणाल्या, "कळंल तवा यीन."

शेजारच्या ओट्यावरून मी हे ऐकलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. बायकोला आणायला जाणं मास्तरांच्या मानात बसेना आणि न बोलावता परतणं वहिनींच्या. मास्तर झुरत चालले होते.

* * *

त्या थंडीत त्यांनी एक कविता वाचली.

"दिवा जळे पलीकडे, अंधार माझ्या काठी,
नावाड्या रे, होडी सोड, जीव अडला कुणासाठी!"

मी तेव्हा चळवळीच्या तोऱ्यात. उडालोच! "वा मास्तर! पलीकडे म्हणजे निजामाच्या सरहद्दीपलीकडे! तिकडे सभेला परवानगी लागत नाही, आणि आपल्याकडे बघा, नुसता अंधार!"

"असंही असेल," मास्तर म्हणाले.

उदगीरची वाट नदी ओलांडूनच जाते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. कविता बायकोवर असू शकते, एवढी अक्कल तेव्हा कुठली!

* * *

कादरभाई अत्तरवाले आमच्यात मराठी ऐकायला यायचे. त्यांनी डोळे मिटून कविता ऐकली आणि मलाच झापलं. "नक्को रे मियाँ, तेरेकू सब में सरहद दिसती! वो दिवा म्हणजे खुदा का नूर. और अंधेरा अपना. मास्तर, रुला दिया तुम!"

खूश होऊन त्यांनी मास्तरांच्या मनगटाला अत्तर लावलं. मास्तर हात नाकाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिले. मोगऱ्याचं अत्तर होतं. वहिनी मोगरा माळायच्या.

* * *

कविता अमीनसाहेबांपर्यंत, म्हणजे पोलिसांपर्यंतही गेली. त्यांनी मास्तरांना बोलावलं. "मास्टरसाब, ये नावाडी कौन? किसकू पार कराता?"

"साहेब, तो कल्पनेतला आहे."

"कल्पना? कौनसा तालुका?"

शेवटी घाटावरच्या खऱ्या नावाड्याला, सटवाला, चौकीवर बसवलं. सुटल्यावर तो तडक वाचनालयात आला. "मास्तर, कवितेपायी दिवसभर उपाशी बसलो. आता तरी सांगा, कुणाला पल्याड न्यायचं हाय?"

आम्ही पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत.

* * *

आमच्यातले चौथे गणूबुवा कीर्तनकार. त्यांना कवितेत भवसागर दिसला. "नावाडी म्हणजे सद्गुरू, मास्तर! तुम्हाला कळलं नसेल, पण लिहून गेलात!"

आणि न विचारताच त्यांनी ती कविता कीर्तनात घेतली. गावोगाव टाळ वाजायला लागले. मास्तर फेमस झाले!

एका संध्याकाळी घाटावर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मास्तर, नशीबवान आहात. सगळ्यांना तुमची कविता कळली."

मास्तर पलीकडच्या काठाकडे बघत म्हणाले, "एका माणसासाठी लिहिली होती. तेवढं एक माणूस सोडून साऱ्या गावाला कळली बघ!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला फार लाज वाटली. त्या दिवसापासून मीही सटवाच्या होडीकडे डोळे लावून बसायला लागलो.

* * *

गुढीपाडवा तोंडावर आला होता. गणूबुवा उदगीरला कीर्तन करून परतले होते आणि तिथल्या बायाबापड्या कशा रडल्या ते रंगवून सांगत होते. पलीकडच्या काठावर एक बैलगाडी थांबली. थोड्या वेळाने सटवाची होडी घाटाला लागली. होडीतून आधी अनसूयावहिनींचा भाऊ उतरला, मग गाठोडं घेऊन वहिनी.

मास्तर उठले. चपला, मानापमान, सगळं तिथेच राहिलं. अनवाणीच पायऱ्या उतरून समोर गेले.

आठ महिन्यांनी बायको दिसली, आणि या माणसाने विचारलं काय? "कळली?"

वहिनींनी गाठोडं त्यांच्या हातात दिलं. "न कळायला काय झालं? अंधार उदगिरात, दिवा नदीपल्याड नांदेडात. हे तर मी पंचमीपासून रोज म्हणतेय. तुम्हाला कुणी सांगितलं?"