शेजारच्या सीटवरच्या बाई

गाडी शिकवणाऱ्या बाईंनी उभा जन्म शेजारच्या सीटवर बसून काढला. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक असे. शिकणारा जरा चुकतोय असं वाटलं, की बाईंचा पाय त्यावर पडलाच! निवृत्त झाल्यावर त्यांनी कोवळ्या वयात आईबाप झालेल्या पोरांना मदत करायचं काम हौसेनं अंगावर घेतलं, तेव्हा ही खोडही बरोबर आली.

त्यांच्या वाट्याला सतरा वर्षांची एक आई, अठरा वर्षांचा बाप आणि त्यांचं तीन महिन्यांचं बाळ आलं. बाईंचा तिघांवर भारी जीव. पण बाळानं तोंड वाकडं केलं रे केलं, की बाई त्याला उचलणार. लंगोट पोरीच्या हातातून काढून घेणार. बालकल्याण कार्यालयातल्या मॅडम घरी बाळाची नीट देखभाल होते का ते बघायला आल्या तेव्हा तर कहरच झाला. प्रश्न पोरीला, उत्तर बाईंचं! मॅडमनी जाताना स्पष्टच सांगितलं, की आई स्वतः बाळाला सांभाळते हे काही दिसलं नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा येईन, तेव्हाही दिसलं नाही तर बाळाला त्याच्या आत्याकडे ठेवावं लागेल.

बाईंना आपली चूक उमगली. मदतीला म्हणून गेल्या आणि पोरीच्या मुळावर उठल्या की! त्यांनी स्वतःचे कान धरून तिची माफी मागितली. पुढचे पंधरा दिवस त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर हाताची घडी घालून बसल्या. हात शिवशिवायचे, जीव वरखाली व्हायचा, पण बाई काही उठल्या नाहीत.

मॅडम आल्या त्या नेमक्या बाळाच्या आंघोळीच्या वेळी. बाळानं भोकाड पसरलं. टॉवेल आणायला धावलेला बाप बादलीला अडखळला आणि खोलीभर पाणी झालं. पोरीनं घाबरून बाईंकडे पाहिलं. बाईंनी चक्क खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग पोरीनं टबातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार पाणी ओतलं, बाळाची मान हातावर घेतली आणि त्याच्याशी गप्पा मारत त्याला न्हाऊ घातलं. बाळ हळूहळू शांत झालं. बापानं तोवर फरशीही पुसली.

मॅडमनी विचारलं, "अडचण आली तर कोण आहे तुम्हाला?"

"बाई आहेत ना," पोरगी म्हणाली. "पण बोलावल्याशिवाय त्या मध्ये पडत नाहीत."

मॅडमनी तिथंच अहवालावर सही केली. बाळ आईबापाकडेच राहणार होतं. बाईंना इतका आनंद झाला, की डोळे पुसून पुसून पदर भिजला, तरी त्या खुर्चीवरून हलेनात.

पोरगी टॉवेलात गुंडाळलेलं बाळ घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाई, घ्या ना. बोलावतेय मी."