वेळ्ळोस्ता, आंटी

यारो, आज माझ्याकडून एक चूक झाली.

बरकतपुऱ्यात सुरेशच्या घरी भेटायला गेलो होतो. माझा कॉलेजचा दोस्त, परवा ॲक्सिडेंटमध्ये गेला.

मयताच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आपल्यातही नाही, तेलुगू लोकांतही नाही. गुपचूप उठायचं. माहीत होतं मला. तरी चपला घालताना सवयीनं तोंडातून निघालंच, "वेळ्ळोस्ता, आंटी." म्हणजे, जाऊन येतो.

सुरेशचे काका खेकसले, "होश में है क्या रे?"

सुरेशच्या आईनं माझा हात धरला. "रा नान्ना," म्हणाल्या. ये बाळा. "तो काही आता येत नाही. तू तरी येत जा."

उद्या मी एकटाच दारात दिसलो की त्यांना बरं वाटेल, की तो सोबत नाही हेच दिसेल? सांगा ना, जाऊ?