कुंकू लागलेली फ्लॉपी

कॉम्प्युटरच्या फ्लॉपी ड्राइव्हचं झाकण काढलं आणि आत कुंकू दिसलं. नुसतं सांडलेलं नव्हे, वाळून घट्ट बसलेलं. मी मान वर केली. वंदना गायकवाड, त्या कारखान्यातली कॉम्प्युटर ऑपरेटर, माझ्या हातांकडे बघत उभी होती.

"सर, डाटा निघेल ना?"

"बघतो," म्हणालो. डॉक्टर लोक म्हणतात तसंच.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. दिवसा मी ओझरला कारखान्यात नोकरी करायचो आणि संध्याकाळी स्कूटरला टूलकिट अडकवून नाशकात कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचो. हे गिऱ्हाईक म्हणजे सातपूरचे एक कारखानदार. द्राक्षबागांच्या फवारणी पंपांचे सुटे भाग बनवायचे. दसरा झाला की छाटण्या जोरात, मागोमाग फवारण्या, आणि मग दिंडोरीकडची माणसं पार्टसाठी दारात. कुठल्या पंपाला कुठला पार्ट बसतो, ही सगळी माहिती वंदनाने पावसाळाभर बसून टाइप केली होती. दिवाळीत तिला परमनंट करायचं मालकांनी कबूल केलं होतं. घरात पगार आणणारी ती एकटीच.

मशीनला हार्ड डिस्क नव्हती, माहिती सगळी फ्लॉपीवर. फ्लॉपी म्हणजे काळ्या चौकोनी पाकिटात बसवलेली पातळ चकती. पाकिटाला एक लांबट खिडकी असते. तिथून ड्राइव्हचं हेड, म्हणजे माहिती वाचणारा भाग, चकतीला टेकतं. त्या खिडकीला साधं बोटसुद्धा लावायचं नसतं.

दसऱ्याला त्या सातपूरच्या कारखान्यात यंत्रांची पूजा झाली. लेथला हार, प्रेसला हार, मग कॉम्प्युटरनेच काय घोडं मारलं होतं? मालकांच्या आईंनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं. फ्लॉपीवर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं, नेमकं खिडकीत. फोरमनने ती भक्तिभावाने परत ड्राइव्हमध्ये सरकवली. वंदना तेव्हा रजेवर होती, त्यांच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. दुसऱ्या दिवशी तिने मशीन लावलं तर फ्लॉपी वाचेना. घाबरून तिने ती काढली आणि कपाटातली कॉपी घातली. हेडला चिकटलेल्या कुंकवाने कॉपीही खरवडली. लाल डाग तिला नंतर दिसला.

मी स्पिरिटने हेड पुसलं. ड्राइव्ह ठणठणीत झाला. दोन्ही फ्लॉप्या मात्र गेल्या त्या गेल्याच.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. आई बाजूच्या खुर्चीत होत्या. वंदना दाराशी उभी राहिली.

"देशमाने, कारण काय ते स्पष्ट सांगा."

मी सांगितलं. पहिली फ्लॉपी कुंकवाने गेली. त्याच ड्राइव्हमध्ये घातल्यामुळे दुसरीही गेली.

"म्हणजे दुसरी चांगली होती?"

"होती."

"आणि ती हिने घातली."

"साहेब, आत कुंकू आहे हे तिला कसं कळणार?"

"मग ऑपरेटर कोण, ती की आमची आई?"

"अरे, मीच बोट टेकवलं ना," आई म्हणाल्या. "त्या पोरीला कशाला बोलतोस?"

"आई, तुम्ही राहू द्या." मग वंदनाकडे न बघताच म्हणाले, "दसऱ्याला सगळा स्टाफ हजर होता. हीच नव्हती."

"साहेब, मी रजेचा अर्ज दिला होता."

सोमवारपासून येऊ नको, असं तिला तिथेच सांगितलं गेलं.

गेटबाहेर मी स्कूटर काढत असताना ती आली.

"सर, कॉपीचं त्यांना सांगायलाच हवं होतं का?"

"त्यांनी कारण विचारलं गं."

"हो," ती म्हणाली आणि स्टॉपकडे चालू लागली. चुकीचं काहीच न सांगूनही मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

पुढे बरीच वर्षं मी हा जोडधंदा केला. तेव्हापासून एक नियम पाळला. बिघाड सापडला की तो आधी ऑपरेटरला सांगायचा, मालकाला नंतर. मालकापुढे काय बोलायचं ते ठरवायला ऑपरेटरला पाच मिनिटं तरी मिळतात. वंदनाला ती मिळाली नव्हती.