सुईबाई आणि नव्या पाठी

सुईबाई गावात आल्या की आधी भांडण व्हायचं, मग सुई. दर मंगळवारी ओचा खोचून पलूसच्या रस्त्यानं सायकलवर यायच्या आणि थेट चावडीत सरकारी औषधाची पेटी उघडायच्या. महारोगाची सुई, तीही चारचौघांत! पाटील म्हणाले, "बाई, आमच्या गावात ह्यो रोग न्हाई."

"न्हाई कसा? उसात लपवलाय तुमी."

लपवला होताच, आणि लपवणाऱ्यांत मीही होतो. लढाई संपून घरी आलो, तर माझ्या बायकोच्या, ताराच्या हातावर चट्टा उठलेला. भावकीनं तिला उसाच्या मळ्यातल्या खोपीत ठेवलं. गोळीबाराला न भ्यालेला मी भावकीला भ्यालो. बांधावर भाकरी ठेवून मागं फिरायचो. त्याची लाज अजून जात नाही.

बाई खोपीत शिरून ताराला खेटून बसल्या. कडू कवठीच्या तेलाची ती सुई लय दुखायची, दंड टम्म सुजायचा. एकदा तारानं नको म्हणून तोंड फिरवलं. "शिव्या दे मला, पर दंड दे," बाई म्हणाल्या. तारानं दोन्ही दिलं.

पुढं गोळ्या आल्या. चट्टा फिका पडला तसे मी पेढे वाटले आणि गोळ्या बंद केल्या. बाईंनी गोळ्या पुन्हा चालू केल्या आणि मला चावडीवर उभा सोलला. "रोग गेला, ह्ये तू ठरवणार व्हय रं, फौजी?"

दरसाल त्या शाळेत पोरांचे सदरे काढायला लावून पाठी बघायच्या, त्यांना डोळे मिटायला लावून कोंबडीचं पीस फिरवायच्या; जिथं पीस कळत नाही, तिथं रोग. "जुनं रोगी मोजून काय कळतंय? नव्या पाठी बघा, रोग पसरतोय का थांबलाय ते तिथं दिसतंय." एका साली एकही नवा चट्टा निघाला नाही. पाटील म्हणाले, देवाची कृपा. बाई उसळल्या. "देवानं सुया सोसल्या व्हय? तारासारख्यांनी सोसल्या!"

त्याच महिन्यात त्यांची बदली झाली. शेवटच्या मंगळवारी मला म्हणाल्या, "तारा बरी झालीया. आता तिला घरी आण. माझ्या डोळ्यांदेखत आण."

आणली. दारात चुलते आडवे. "ही आत आली तर भावकी तुटली." मी बाईंकडे पाहिलं. त्या पेटी उचलून बाजूला सरकल्या.

"तुटू द्या," मी म्हणालो, ताराचा हात घट्ट धरला आणि उंबरा ओलांडला.

आत येऊन तारानं खाली पाहिलं. तिची बोटं रोगानं कधीच बधिर झाली होती.

"आवं, हात धरलाय व्हय? मला कळलंच न्हाई. सोडू नगा."